पळसाला मिनिटं तीनच

चैत्र लागला की जुन्या तबकड्या जमवणाऱ्या माणसाला दोन काळज्या लागतात: उन्हाने तबकड्या वाकतील ही पहिली, आणि मित्रांच्या तब्येतीची दुसरी. क्रम उलटा लावला असता तर लेखाची सुरुवात सुसंस्कृत झाली असती, पण मग पुढचं सगळं खोटं लिहावं लागलं असतं. तबकड्या निदान पथ्य पाळतात. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, ओला हात लावू नका, की त्या शंभर वर्षं काढतात. मित्र यातलं काहीच ऐकत नाहीत. सत्तरी गाठलेल्या कुठल्याही मित्रमंडळात एकाच्या हृदयात स्टेंट असतो, दुसऱ्याच्या गुडघ्यात धातूची वाटी, तिसऱ्याच्या डोळ्यात परदेशी भिंग, आणि दात तर जवळपास सगळ्यांचेच मागाहून बसवलेले. जुन्या बाजारात ‘ओरिजिनल पार्ट’ या शब्दाला सोन्याचा भाव आहे. त्या निकषावर आमच्या पिढीतला एकही नग विकला जाणार नाही. तरीही संग्राहकाला हेच नग लागतात, कारण घरची माणसं ज्याला अडगळ म्हणतात त्याला ‘संग्रह’ म्हणण्याचं धाडस त्याला फक्त मित्रांसमोर होतं. संग्रहाला मालक एक पुरतो, ‘वा!’ म्हणायला मात्र चार जण लागतात. मित्रांच्या प्रकृतीची चिंता संग्राहकाला एवढी का, याचं हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं जरा बरं आहे, म्हणून ते शेवटी.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजारी माणसाला भेटायला कसं जावं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकायचंच असेल तर मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीकडून शिकावं. हे शिक्षण आत्ताच घ्यायला हवं, कारण भेटींचा खरा हंगाम वसंतातच सुरू होतो. परीक्षा संपल्या, कुरडया-पापड गच्चीवर गेले, हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव विचारून झाला आणि पेटी तिथेच ठेवून झाली, की माणसांना आजारी आप्तेष्ट आठवतात. त्यात ऋतूही बेभरवशाचा. शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि या दिवसांत दुपारी झोपू नये, असं आयुर्वेद सांगतो. पुण्यात या नियमाचा पूर्वार्ध लोकांनी खोकून आणि उत्तरार्ध घोरून निकालात काढलेला आहे. माणसाचा कफ जसा उन्हाने सुटतो, तशी तबकडीही उन्हाने नरम पडते. कारण ती लाखेची असते. आता लाखेचा विषय निघालाच आहे, तर घाईत असलेल्या वाचकाने पुढचा परिच्छेद सोडावा. मी घाईत नाही.

लाख हा एका क्षुद्र किड्याचा उद्योग. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. ते कवच खरवडायचं, धुवायचं, वितळवायचं आणि त्याचे पातळ पापुद्रे काढायचे. तो झाला चपडा. याच चपड्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून जुन्या तबकड्या दाबल्या जात. म्हणजे आपण चैत्रात रस्त्याकडेच्या ज्या पळसाकडे पाहून ‘काय फुललाय!’ म्हणतो, त्याच्याच फांद्यांवर बालगंधर्वांच्या गळ्याची सोय झालेली असते. फांदीवर बसलेल्या किड्याला याची कल्पना नसते. कल्पना असती तर त्यानेही मानधनाचं विचारलं असतं. याच लाखेच्या बांगड्या झाल्या, तिच्या रंगाचा अळता झाला, पाकिटावरची मोहोर झाली, शिसवी कपाटावरचं पॉलिश झालं. दुर्योधनाने तर पांडवांसाठी अख्खं लाक्षागृह बांधवलं, आणि तेही पेटवून देण्यासाठी. महाभारताच्या अभ्यासकांना त्या प्रसंगात कपट दिसतं. तबकड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला नासाडी दिसते. पण मुद्द्याची गोष्ट अशी की औषधाच्या काही गोळ्यांवर जो चकचकीत थर असतो, तोही लाखेचाच. मित्राच्या उशाशी सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली जी डबी असते, तिच्यातल्या एखाद्या गोळीचं आणि माझ्या कपाटातल्या तबकडीचं कुळ एकच. तेव्हा माझा विषय भरकटलेला नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावं.

आता पहिला नियम. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते. त्याआधी गाणं रात्रभर चालायचं. संगीत नाटकांत ‘वन्समोअर’ पडत, एकेक पद लांबत जाई आणि प्रेक्षक पहाटे घरी पोचत. यंत्राने मात्र अब्दुल करीम खाँसाहेबांना आणि बालगंधर्वांना एकच अट घातली: जे काही सांगायचं ते तीन मिनिटांत. त्यांनी ते सांगितलं, आणि आज शंभरेक वर्षांनी आपण तेच ऐकतो. ज्यांच्याकडे रात्रभर पुरेल एवढं होतं त्यांना तीन मिनिटं पुरली. आपल्याकडे तर शेजाऱ्याच्या मेहुण्याच्या बायपासपलीकडे सांगण्याजोगं काही नसतं, आणि ते सांगायला आपण दीड तास घेतो. आजाऱ्याच्या खोलीतला पाहुणा हा भोंग्याच्या ग्रामोफोनसारखा असतो, त्याला आवाज कमी करायचं बटण नसतं. जुन्या लोकांना आवाज दाबायचा झाला तर भोंग्यात फडकं कोंबावं लागे. पाहुण्यांच्या बाबतीत ते काम यजमानीणबाई चहा-पोह्यांनी करतात, पण त्याचा परिणाम बशी रिकामी होईपर्यंतच टिकतो. मग ‘अगदी असंच आमच्या साडूंना झालं होतं’ ही रेकॉर्ड लागते. साडूंचं पुढे काय झालं हे विचारायची हिंमत आजाऱ्याला होत नाही, आणि न विचारता ते सांगितलं जातं.

दुसरा नियम सुईचा, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्या टोकावर उभा आहे. पोलादी सुई, म्हणजे आपली पिन, डबीत शेकड्याने मिळायची आणि प्रत्येक बाजूला नवी लावायची असे. लोकांना वाटायचं हा कंपनीचा पिना खपवायचा डाव. तसं नव्हतं. तबकडीत दगडाची भुकटी घातलेली असे ती यासाठीच की सुई फिरता फिरता तासली जावी आणि तिने खाचेचा आकार घ्यावा. झिजायचं काम सुईचं होतं. कंजुषीने तीच पिन पुन्हापुन्हा वापरली की धारदार झालेलं टोक तबकडीलाच कापू लागे. आपण भेटायला जातो तेव्हा नेमकं हेच विसरतो. खोलीत दोन माणसं असतात. त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या आकाराचं व्हायचं असतं, आणि जो पलंगावर आहे त्याने नव्हे. त्याला झोप येत असेल तर गप्प बसावं, त्याला चिडायचं असेल तर चिडू द्यावं, त्याला क्रिकेटवर बोलायचं असेल तर क्रिकेटवर बोलावं. कालच्या घरची, सासरची, परदेशातल्या डॉक्टर भाच्याची झिजलेली पिन घेऊन जाऊ नये. हळद-मध, गव्हांकुर आणि ‘सकारात्मक विचार कर’ या तीन पिना तर इतक्या घरांतून फिरल्या आहेत की त्या आता सुरीच्या जातीत जमा व्हायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की तीन मिनिटांत उठलं तर मित्राला वाईट वाटेल. वाटेल, पण तबकडीला दुसरी बाजू असते. तीन मिनिटांनी जरा थांबावं, त्याच्याकडे पाहावं, आणि त्याच्या डोळ्यांत ‘उलट’ असं दिसलं तर उलटावी. शिवाय वर्षातून एकदा दीड तास बसण्यापेक्षा तेवढ्याच वेळात तीस बाजू वाजतात, हा हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमेल. दुसरा आक्षेप शहाण्यांचा: दुर्मीळ तबकडी वाजवूच नये, आजाऱ्याला त्रासच देऊ नये. हे दिसतं भलं आणि असतं सोयीचं. कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक फेरीत तबकडी जराशी झिजतेच, हे मान्य. पण कपाटात बंद ठेवलेल्या तबकडीवर बुरशी चढते, आणि ‘त्याला विश्रांती मिळू दे’ म्हणत लोक जेव्हा येईनासे होतात तेव्हा माणसावर काय चढतं हे त्याच्या घरच्यांना विचारावं. तिसरा आक्षेप मोबाईलवाल्यांचा. फुलांच्या चित्रावर ‘लवकर बरे व्हा’ लिहून ते एका झटक्यात शंभर जणांना पाठवता येत असताना जिने कशाला चढायचे? पाठवा. पण तो संदेश ज्या शंभरांना गेला त्यांतले नव्वद ठणठणीत आहेत, आणि उरलेल्या दहांना ते कळतं.

चौथा आक्षेप मला खरोखर लागतो: वस्तूंवर जीव लावणाऱ्यांना माणसांविषयी बोलण्याचा हक्कच काय? याला उत्तर म्हणून मी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवीन. अडकित्ते, दिवे, वाद्यं अशा हजारो वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून जमवल्या, आणि सगळ्या संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. पाटीवर ते नाव आधी येतं, जमवणाऱ्याचं नंतर. संग्रह नेहमीच हव्यासातून होतो असं म्हणणाऱ्याने ती पाटी एकदा सावकाश वाचावी. आता माझ्यासारख्यांचा संग्रह तसा थोर नाही, त्यात हव्यासच अधिक, हेही कबूल. राखून ठेवलेलं निम्मं उत्तरही तितकंसं निःस्वार्थी नाही. आपण विशीत कसे दिसत होतो, कुणापुढे बोबडी वळली होती आणि कोणत्या परीक्षेत किती वेळा गटांगळ्या खाल्ल्या, याची एकमेव प्रत मित्राकडे असते. तिच्यात मीठमसाला असतो, खरखर असते, काही जागा त्याने स्वतःच्या सोयीने वगळलेल्या असतात. पण दुसरी प्रत नसते. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. बालगंधर्वांसारख्यांचे ते गुरू, आणि आज त्यांचा आवाज ऐकायचा म्हटलं तर तबकडीच नाही. जे ऐकलं ते ऐकणाऱ्यांबरोबर गेलं. आमच्या मित्रांचीही तबकडी कुणी काढलेली नाही.

शेवटचा नियम गौहर जान यांचा. 1902 साली कलकत्त्यात त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि तबकड्या दाबायला गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या तंत्रज्ञांना गाणारं कोण हे कळावं म्हणून गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. एवढी मोठी गायिका, पण समोरच्याला आपण ठाऊक असूच असं तिने धरलं नाही. विसरू लागलेल्या माणसाच्या खोलीत शिरून आपण मात्र पहिला प्रश्न टाकतो, ‘ओळखलंस का?’ आणि त्याच्या चेहऱ्यावर शोधाशोध सुरू झाली की हसून पुन्हा विचारतो, ‘सांग बरं कोण?’ ही परीक्षा घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? नापास होणाऱ्याचा चेहरा आपण पाहतो, तरी प्रश्न बदलत नाही, कारण आपण लक्षात राहिलो की नाही ही चिंता त्याची नसते, आपली असते. इथे मला विनोद सुचत नाही. दारातच आपलं नाव सांगावं, आडनावासकट. त्याला आठवत असेल तर तो ‘माहीत आहे रे’ म्हणून खेकसेल, आणि त्या खेकसण्यासारखी दाद दुसरी नाही.

तेव्हा या चैत्रात कैरीची डाळ न्यायची असेल तर आधी त्याच्या घरच्यांना पथ्य विचारा. संग्रहातली तबकडी सोबत नेऊ नका. हे मी स्वतःलाही सांगतो आहे. नाव सांगा, तीन मिनिटं बसा, त्याला बोलू द्या, आणि उठायच्या आधी पुढचा वार ठरवून या.