मुकं बारसं

(डोंबिवलीतला एक हॉल. टीव्हीसमोर सत्यनारायणाचा चौरंग, त्यावर कॉम्प्युटरचा डबा, डब्याला हळदकुंकू. काका येतात. गळ्यात केबलींची माळ.)

हसू नका. हळदकुंकू हिने लावलंय. चौरंगावर काहीही दिसलं की हिचा हात करंड्याकडे जातो.

डबा चौरंगावर का? केबल दीड मीटरची आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत! मुलगी मेलबर्नला, तिथे नातवाचं बारसं. ही म्हणाली, "तेवढ्याशा पडद्यावर अख्खी बिल्डिंग काय बघणार? टीव्हीला लावा." लावा! जसं काही तोरणच लावायचंय.

माळ्यावरून निळ्या तोंडाची केबल काढली. व्हीजीए. जन्म 1987. आमचं लग्नही 1987चंच. पंधरा पिना, पण एकीतूनही आवाज जात नाही. नुसतं चित्र! (थांबून) हो, आमच्याकडेही तसंच. मी नुसता दिसतो.

चित्र मात्र झकास आलं. पाळणा, फुगे, झेंडूच्या माळा. आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकल्या, कुर्रर्र केलं असणार, ओठ हलले... पण नाव काय ठेवलं? बावीस माणसं माझ्याकडे बघतायत! स्पीकर गणपतीत सोसायटीला दिले होते. बाप्पा विसर्जनाला गेले, स्पीकरही गेले.

शेजारचा दहावीतला पोरगा म्हणाला, "काका, एचडीएमआय लावा ना. एकोणीस पिना असतात." ही लगेच, "त्या जास्तीच्या चारांत आवाज असेल!" नाही हो. पोरगा म्हणाला, आवाज चित्राच्याच तारांतून जातो. चित्राची एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होते, त्यामधल्या फटीत तो सरकवतात. मला भरून आलं. इतकी वर्षं मी दुसरं काय करतोय? ही श्वास घ्यायला थांबली, की तेवढ्यात मी माझं वाक्य सरकवतो. म्हणजे मी व्हीजीए नाही, एचडीएमआय आहे!

लावली. 'नो सिग्नल.' एक नंबरच्या भोकात सेट टॉप बॉक्स, दोन नंबरात आम्ही, आणि रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबायचं कुणी? दाबलं. चित्र आलं, पण व्याही गायब! विहीणबाईही! चौकटीच्या कडेला उभे होते, टीव्हीने कडाच खाल्ल्या. काचेच्या नळीचे टीव्ही कडा कापायचे, ती खोड या चपट्यांनीही ठेवलीये.

ही म्हणाली, "रुसले वाटतं. आपण दिलेल्या साडीवरून असेल."

मी सरकवलं, "पण ती तर तुला आहेरात आलेली."

"मग? घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यांना काय कळतंय!"

पडद्यावर मुलगी दोन्ही हात हलवत होती. आम्हीही हलवले. किती आनंद झालाय पोरीला!

पोरग्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन' केलं. कडेला व्याही-विहीण उगवले. चेहरे जरा... लांबट. मला वाटलं, चित्रच ताणलं गेलंय.

आवाज तरीही नाही. मी रिमोटने वाढवत वाढवत शंभरवर नेला. तेव्हा पोरगा म्हणतो, "काका, टीव्हीचं काय वाढवताय? आवाज कुठे पाठवायचा ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं." खाली कोपऱ्यात इवलासा स्पीकर असतो, त्यावर टिचकी मारून टीव्हीचं नाव निवडायचं. बस्स, एवढंच! मारली टिचकी.

(दोन्ही कान झाकतो.)

शंभरवर! खालच्या वॉचमनलाही ऐकू गेलं. विहीणबाई म्हणत होत्या, "साडी सुरेख आहे हो. पण घडीतली चिठ्ठी काढायची राहिली. 'दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडून सप्रेम.'"

माइक कॅमेऱ्यात असतो. त्याला केबलचं सोयरसुतक नाही. तो पहिल्यापासून सुरूच होता.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी? (सोफ्याकडे हळूच बोट दाखवतो.) पुढच्याच रांगेत. हातात आमचा पेढा.

मी केबल उपटली.

(माळेतली एक केबल कुरवाळत) नातवाचं नाव अजून कळलेलं नाही.