चार चाकांची स्थावर मालमत्ता

घाटकोपरची सर्वांत प्रसिद्ध गाडी चालताना कुणीही पाहिलेली नाही. १३ जून २०२१, रविवारची सकाळ, घाटकोपर पश्चिमेची कामा लेन. सोसायटीच्या आवारात चार गाड्यांच्या सोबतीनं ती निमूट उभी होती. आधी बॉनेट आणि पुढची चाकं खाली गेली, पाठोपाठ मागची बाजू, आणि बघता बघता अख्खी गाडी जमिनीनं गिळली. खाली विहीर होती. विहिरीच्या अर्ध्या भागावर आरसीसीचं छत टाकून वर गाड्या लावल्या जात होत्या. आवार खासगी आहे, आमचा संबंध नाही, असा खुलासा महापालिकेनं तत्परतेनं केला. पंप लावून पाणी उपसलं, क्रेन आली, रात्री गाडी वर निघाली. कुणाला खरचटलंही नाही. या प्रसंगाच्या चित्रफितीत देशभरच्या लोकांनी गाडी कुठे गेली ते पाहिलं. घाटकोपरकरांनी एक जागा रिकामी झाली ते पाहिलं.

कायद्याच्या हिशेबात मोटारगाडी जंगम मालमत्ता. तो हिशेब मांडणाऱ्यांनी घाटकोपरात कधी गाडी लावलेली नसावी. इथे गाडी घेतात ती जागा अडवण्यासाठी. एकदा का ती खांबापासून चार बोटं आणि शेजारच्या स्कूटरपासून तीन बोटं अंतर राखून, दोन्ही आरसे मिटून नीट बसली, की तिला हलवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तासाभरानं परतावं तर तिथे दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या साडूची गाडी. म्हणून एम. जी. रोडला जायचं तर रिक्षा, खाऊगल्लीला पायी आणि अंधेरीच्या ऑफिसला मेट्रो. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि अकरा किलोमीटर साधारण एकवीस मिनिटांत कापू लागली. जागृती नगर ते असल्फा या टप्प्यात एका पायावर उभ्या असलेल्या कितीतरी प्रवाशांच्या खिशात गाडीची किल्ली असते. ती घरी ठेवायची सोय नाही. न जाणो, धाकट्या भावानं गाडी बाहेर काढली तर?

गाडीच्या निगेचे सल्ले देणारी मंडळी मात्र अजून चालणाऱ्या गाडीबद्दलच बोलतात. कंपनीच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगपुढे छापलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. घाटकोपरात दरवेळी वर्षच आधी होतं. मेकॅनिक डिपस्टिक काढतो, ऑइल बोटावर चोळतो आणि म्हणतो, "शेठ, गाडी चालवता की नुसती पुसता?" तरी ऑइल बदलावंच लागतं. इंजिन कधी पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत धरलेला ओलावा उडून जात नाही, ऑइलमध्येच मुरतो. फार चालल्यानं झिजणाऱ्या इंजिनांबद्दल भरपूर लिहून झालं आहे. न चालल्यानं झिजणाऱ्यांना अजून वाली नाही.

उभ्या गाडीचं एक वेगळंच शरीरशास्त्र असतं. सेंट्रल लॉक, अलार्म आणि घड्याळ मिळून बॅटरी थेंब थेंब पीत राहतात; तीनेक आठवड्यांनी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं. एकाच अंगावर उभं राहून टायर खालून चपटे होतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे ब्रेकशू ड्रमलाच चिकटतात, आणि गाडी हलवायला गेलं की मागची चाकं सत्याग्रह करतात. जाणकार सांगतात, गाडी गिअरमध्ये टाकावी, चाकाला वीट लावावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. सल्ला अगदी बरोबर आहे. फक्त दाटीवाटीच्या आवारात पुढच्याला वाट द्यायची तर प्रत्येक गाडी ढकलता आली पाहिजे, म्हणून सेक्रेटरींचा हुकूम नेमका उलटा: न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका, बाकी वॉचमन बघून घेईल. वॉचमन बघून घेतो. सकाळी सात ते नऊ तो चार-सहा गाड्या पुढे-मागे ढकलतो. त्या आवारातल्या गाड्यांचं बरंचसं रनिंग म्हणजे हेच, आणि त्याला पेट्रोलही लागत नाही.

बॅटरीवर उपाय म्हणून रविवारचा विधी असतो. घरातला कर्ता पुरुष अंघोळ करून खाली येतो, इंजिन चालू करतो, एसी लावतो, गाणी लावतो आणि पंधरा मिनिटं आवाराच्या भिंतीकडे बघत बसतो. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात धूर भरतो. स्टार्टरनं एका झटक्यात खाल्लेली वीज अशा जागच्या जागी घुरघुरण्यातून जेमतेम भरून निघते, वर एसी आणि गाणी आहेतच. बॅटरी चार्ज करायची तर गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवावी लागते. हे सांगून बघावं. "आणि जागा गेली तर?" या प्रश्नाला इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

उंदरांना मात्र ही व्यवस्था पसंत आहे. पाऊस लागला की ते बॉनेटखाली राहायला येतात आणि वायरिंग कुरतडतात. त्यावर घरोघरचा उतारा म्हणजे फडक्यात बांधलेली तंबाखूची पानं. घरात सुपारीलाही मज्जाव करणारे काका गाडीसाठी दर महिन्याला तंबाखू विकत आणतात आणि पानवाल्याला न विचारताच सांगतात, "गाडीला हवीय."

कधीमधी गाडी बाहेर पडतेच. लग्न असतं, वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन असतं. मग एलबीएस मार्गावर कळतं की सगळं घाटकोपर नेमकं आजच निघालं आहे. दुकानासमोर दुसऱ्या रांगेत गाडी लावून चारही इंडिकेटर चालू केले की कुठलाही गुन्हा होत नाही, अशी इथली ठाम श्रद्धा. काचेमागे मोबाइल नंबरची चिठ्ठी असते. लावला की फोन उचलतो तो गाडीचा आधीचा मालक, आता राहायला नाशिकला. दिव्यांनी झगमगलेल्या रस्त्यावरही हाय बीम टाकून येणारे वेगळे. रिव्हर्स घेताना अख्ख्या गल्लीला धून ऐकवणारे आणखी वेगळे. मागच्या सीटवर बेल्ट लावा, असं मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सांगितलं. तेव्हा ते बेल्ट शोधायला अनेकांना सीटकव्हरची शिलाई उसवावी लागली.

हॉर्नचं प्रकरण तर पोलिसांनीही हसतखेळत हाताळून पाहिलं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी एक चित्रफीत दाखवली: सिग्नलला आवाजमापक जोडलेला, गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. हॉर्न वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा, पुन्हा थांबा. जगभर कौतुक झालं. घाटकोपर स्टेशनबाहेर असं यंत्र बसवलं असतं तर तो सिग्नल अजून लालच असता.

सरकारलाही एव्हाना ही स्थावर वृत्ती लागलेली दिसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. चारचाकीला ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. मुदत ३१ मार्च २०२५. ती एप्रिलअखेर गेली, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबरअखेर. एमएच-०३ च्या अनेक गाड्या त्या वर्षात मुदतीइतक्याही हलल्या नसतील. त्याच वर्षी मे महिन्यात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं, की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. कल्पना रास्त आहे. फक्त प्रमाणपत्रावर जागेखाली काय आहे, त्याचाही एक रकाना असावा. कामा लेनमधल्या गाडीला हक्काची जागा होतीच की.

जागा कुणाची, हा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला: स्टिल्टमधली पार्किंगची जागा इमारतीच्या सामाईक भागात मोडते, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर सोसायटीनं चिठ्ठ्या टाकून वाटप करावं, असं आदर्श उपविधीही सांगतात. प्रत्यक्षात वार्षिक सभेत हिशेब दोन मिनिटांत मंजूर होतात, लिफ्टचा विषय पाच मिनिटांत, आणि 'पार्किंग' हा शब्द निघाला की चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो. चिठ्ठ्या टाकल्या जातात. तरी खांबाजवळची कोपऱ्यातली जागा दरवर्षी माजी अध्यक्षांनाच लागते. नशीब म्हणतात ते हेच असावं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात अशा गाड्यांना मान असतो. आठ वर्षांत सोळा हजार किलोमीटर, एकहाती वापर, सीटवरचं प्लास्टिक शाबूत. गिऱ्हाईक मीटर बघून चक्रावतं; मीटर मागे फिरवलंय का, असं तीनदा विचारतं. सौदा ठरतो, दसऱ्याला बांधलेलं लिंबू-मिरची सोडून घेतात आणि वॉचमनच्या धक्क्यानं गाडी फाटकाबाहेर पडते. ती वळण घेते न घेते तोच मालक वरून दोन कुंड्या आणि एक पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची आणून त्या जागेवर मांडतो. नवी गाडी बुक केलेली आहे, डिलिव्हरी तीन महिन्यांनी. तोवर कुंड्यांना रोज पाणी घातलं जातं, आणि सोसायटी त्यांच्या नावानं पार्किंगचं बिलही पाठवते.