पंपाच्या वेळा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या कर्त्यांस अनावृत पत्र

चालू प्रोग्रामला सेटिंगची फाइल दोन प्रकारे वाचता येते: सुरू होताना एकदाच, किंवा फाइल बदलेल तेव्हा पुन्हा. पहिला प्रकार सोपा असतो, आणि ज्या कर्त्यांना हे पत्र उद्देशून आहे त्यांनी तो निवडला. या निवडीबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल-श्रीफळाची सोय भाईंदरच्या जेसल पार्कातली एक सोसायटी आनंदाने करेल, कारण तिच्या मोटरचे वाइंडिंग याच निवडीने जळाले.

मीरा-भाईंदरला पाणी येते ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून. दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला गेला की पुढे एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने आणि अवेळी येते. पलीकडे वसईची खाडी भरती-ओहोटीची वेळ चुकवत नाही, नळ चुकवतो. त्यामुळे खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्याची वेळ ही मुळात बदलण्यासाठीच लिहिलेली असते. सोसायटीने पॅनलमध्ये छोटे लिनक्स बोर्ड बसवून घेतले तेही याचसाठी. शटडाऊनच्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी मोटरची वेळ रात्री ११ वरून पहाटे ४.३० केली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले, ‘बदल यशस्वीरीत्या जतन झाले’. रात्री ११ वाजता मोटर सुरू झाली. खालची टाकी कोरडी होती.

हिरवी अक्षरे खोटे बोलली नाहीत, हे मान्य करावे लागते. बदल जतन झाला होता, पण फाइलीत. प्रोग्रामच्या मेमरीत जुनीच वेळ बसलेली होती. हा फरक कर्त्यांना ठाऊक असतो. साठी उलटलेल्या सेक्रेटरींना तो ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तो सांगण्याची जबाबदारी ज्या एकुलत्या एका ओळीवर होती तिने ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द वापरला. मदतक्रमांकावर मिळालेले उत्तर असे, की बदल केल्यावर बोर्ड बंद करून चालू करायचे असते. बोर्ड मीटरच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार गावी.

चालू प्रोग्रामला बदललेली फाइल पुन्हा वाचायला लावण्याचा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. युनिक्समध्ये टेलिफोनच्या तारेवरून जोडलेले टर्मिनल तुटले की प्रोग्रामला ‘हँगअप’ हा सिग्नल मिळत असे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या डीमनांना टर्मिनलच नसते. म्हणून त्यांच्यापुरता या सिग्नलचा ‘फाइल पुन्हा वाच’ असा अर्थ रूढ झाला. सिग्नल येताच फक्त एक खूण करून ठेवायची आणि वाचन मुख्य लूपमध्ये सवडीने करायचे, एवढे पथ्य पाळावे लागते. ठरल्या वेळी ठरलेले काम सुरू करणारा क्रॉन तर याहून साधा. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचे आजचे वारसदार दर मिनिटाला फाइल बदलल्याची वेळ तपासतात आणि बदललेली तेवढी पुन्हा वाचतात. पंपाच्या प्रोग्रामचे काम शब्दशः हेच आहे. मिनिटाला एकदा पाहिले असते तर मोटर वाचली असती.

तेवढीही वाट पाहायची नसेल तर लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे. फाइल बदलली की कर्नल स्वतःच कळवतो. यात एक खड्डा असतो. अनेक एडिटर जुन्या फाइलीत लिहीत नाहीत. नवी फाइल तयार करून तिला जुनीचे नाव देतात. पहारा जुन्या फाइलीवरच बसलेला राहतो आणि प्रोग्राम पुन्हा गाफील होतो. म्हणून पहारा फाइलीवर न बसवता तिच्या डिरेक्टरीवर बसवतात.

खरी अडचण यापुढची, आणि इथे कर्त्यांची बाजू घेणे भाग आहे. फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच वाचली गेली, तर ४.३० ऐवजी नुसते ४ हाती येऊ शकते. मोटर चालू असतानाच वेळ बदलली, तर ती बंद कोणत्या वेळेने करायची? नव्याने सुरू केलेला प्रोग्राम निदान पूर्ण जुना किंवा पूर्ण नवा असतो. अर्धवट बदललेल्या प्रोग्रामची कुणालाच खात्री देता येत नाही. रीस्टार्टचा आग्रह धरणारे कर्ते आळशीच असतील असे नाही. ते घाबरलेलेही असतील, आणि ती भीती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय एनजिनएक्स या वेब सर्व्हरने घालून दिला आहे: नवी फाइल आधी पूर्ण तपासायची, निर्दोष असेल तरच एका झटक्यात लागू करायची, चूक निघाली तर जुन्यावरच चालत राहून तक्रार नोंदवायची.

ज्यांना एवढेही करायचे नाही त्यांनी पोस्टग्रेसचा प्रामाणिकपणा घ्यावा. काही सेटिंग रीस्टार्टशिवाय बदलत नाहीत, हे तो डेटाबेस लपवत नाही. कोणते बदल रीस्टार्टसाठी खोळंबले आहेत ते तो नावानिशी दाखवतो.

सोसायटीत बोर्ड येण्यापूर्वी मोटर लावण्याचे काम वॉचमनकडे होते. तिसऱ्या मजल्यावरून ‘आज मोटर साडेचारला रे’ अशी हाक आली की तो ‘हो’ म्हणे आणि साडेचारला लावी. त्यासाठी त्याला घरी पाठवून पुन्हा बोलवावे लागत नसे. मोटर जळाल्यावर पहिला जाब विचारला गेला तो त्यालाच, आणि त्यापुढे वर केलेली सगळी सहानुभूती आटते. यंत्राने खुशाल चुकावे. पण हिरव्या अक्षरांत चुकून ते शिव्या खायला माणूस पुढे करते, हा निव्वळ निलाजरेपणा आहे.

मोटर रिवाइंड होऊन आली आहे. बोर्ड जागेवरच आहे, त्याची वायर काढली आहे. वेळ सध्या पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिली जाते.