एक जूनची फौज

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाच्या मोबाइलमधलं कॅलेंडर वर्षभर शहाण्यासारखं वागतं. एक जूनला त्याच्या अंगात येतं. थोरले मामा, दोन चुलते, निवृत्त तलाठी, सोसायटीचे सेक्रेटरी, भजनी मंडळातले पखवाजवाले, गावाकडचे माजी सरपंच आणि वर एक व्याही, सगळ्यांचा वाढदिवस. पडद्यावर नावं मावत नाहीत म्हणून खाली ‘आणखी ७’ असं येतं. सुट्टीला आलेला नातू विचारतो, ‘आजोबा, तुमच्या गावात सगळे एकाच दिवशी जन्मले?’ आजोबा चहात खारी बुडवत म्हणतात, ‘जन्मले नाहीत रे. शाळेत नाव घातलं.’

नव्या पिढीसाठी खुलासा करतो. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला दंडाला धरून आणायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं, पुढे अपील नाही. ‘जन्मतारीख?’ ‘लिवा की गुरुजी तुमीच.’ मग गुरुजी जूनपासून सहा वर्षं मागे मोजत आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. पटसंख्या भरायची होती, तपासणीला साहेब यायचे होते, दारात अजून अकरा बाप उभे होते. गुरुजी प्रेमळ असले तर वर्षभर कमीच लावत. पोरगं सरकारी नोकरीत चिकटलं तर तेवढीच एका वर्षाची पगाराची सोय. हे जादाचं वर्ष नोकरीत काढलेले किती तरी लोक आज पेन्शन घेताहेत, आणि त्यातल्या एकानेही कधी तारीख दुरुस्तीचा अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

उत्तरेकडे शाळा जुलैत भरायच्या, त्यामुळे तिकडच्या फौजेचा वाढदिवस १ जुलै. गुरुजी सगळीकडे सारखेच.

तर गुरुजींनी अर्ध्या मिनिटात ठोकलेली ही तारीख दाखल्यावर गेली, दाखल्यावरून सर्व्हिस बुकात, तिथून पॅनवर, आधारवर. आपण ती आधार बघून मोबाइलच्या काँटॅक्टमध्ये भरली आणि कॅलेंडरने ती काँटॅक्टमधून उचलली. आता रात्री बाराच्या ठोक्याला, एक सेकंदही इकडेतिकडे न होता, केकच्या चित्रासह ती आपल्याला कळवली जाते. लोकांना वाटतं, यंत्र म्हणजे काय बिनचूक!

बरं, ही थाप कोर्टातही टिकते. रस्ता अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात मृताचं वय आधारवर एक होतं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखला धरला. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सांगितलं. बोटांचे ठसे झाले, डोळ्यांची बुबुळं झाली, आणि शेवटी जिंकला तो शाळेचा दाखला.

सरकारी खात्यात या फौजेची गंमत आदल्या दिवशीच सुरू होते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाने आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला राज्यभर शाल-श्रीफळांचा खप वाढतो. कचेऱ्यांमध्ये एका मांडवात पाचपाच जणांना निरोप. साहेबांचं भाषण एकच, फक्त नावं बदलायची, तीही कागदावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काका घरी पेपर उलगडून बसलेले, खुर्ची गेलेली, शिपाई गेलेला, आणि फोन सारखा वाजतोय: पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. त्यात सर्वांत आधी बँक, मग विमा कंपनी, मग चष्म्याचं दुकान. सख्खा भाऊ दुपारी जेवणानंतर.

या काकांना शुभेच्छा देणं हेही जोखमीचं काम आहे. दिल्या तर म्हणतात, ‘अहो, हा काही माझा खरा वाढदिवस नाही.’ मग खरा कधी? ‘आई म्हणायची, दिवाळीच्या मागेपुढे.’ बरं, खोटा आहे म्हणून गप्प बसलं तर संध्याकाळपर्यंत फुगून बसतात. रात्री काकू फोन करून सांगतात, ‘तुमचा फोन नाही आला म्हणत होते.’ माणूस खोट्या तारखेवर अठ्ठावन्न वर्षं काढतो तेव्हा ती थोडीफार खरी होतेच. लग्नाची पत्रिका एका तारखेवर जुळवलेली, नोकरी दुसऱ्या तारखेवर केलेली, दोन्ही निभावल्या. त्यातल्या कुठल्या तारखेने जास्त त्रास दिला, ते काकूंना विचारा.

खरी तारीख माहीत असायची आईला. फक्त तिचा हिशेब कॅलेंडरच्या चौकटीत बसत नसे. ‘पानशेत फुटलं तेव्हा तू पोटात होतास’ म्हणजे १९६१. ‘कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री तू पाळण्यात, मी तुला उचलून अंगणात पळाले’ म्हणजे १९६७. ‘दुष्काळात झालेली पोर’ म्हणजे १९७२, आणि ती मरेपर्यंत बारीक का राहिली त्याचं कारणही त्यातच. मोबाइलमध्ये जन्मतारीख भरताना धरण, भूकंप आणि सुकडीचा पर्याय येत नाही.

तिथीचंही तेच. चांद्र वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं, त्यामुळे तिथीने येणारा वाढदिवस इंग्रजी तारखेत दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की टुणकन पुढे उडी मारतो. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ गाठ घेतात. आजीला हे उपजत कळायचं. तिने त्यासाठी कधी सेटिंग उघडलं नाही. ज्या राज्यात शिवजयंतीची तिथी आणि तारीख यांवरून लोक अजून एकमेकांकडे तिरके बघतात, तिथे ‘दर वर्षी याच दिवशी’ हा पर्याय फारच भाबडा म्हणायचा.

१९७३ पासून भिंतीवर लटकणाऱ्या कालनिर्णयने हा प्रश्न न भांडता सोडवला होता. एकाच चौकोनात तारीख, तिथी, एकादशी, चंद्रोदय. उरलेल्या बोटभर जागेत बॉलपेनने ‘बाळूचा वा.दि.’, त्याला खेटून ‘गॅस लावला’ आणि ‘दूध खाडा’. बाळूला गोडाचा शिरा मिळणार की नाही, हे त्या खाड्यावर ठरायचं.

यंत्र गुरुजींपेक्षा शहाणं असेल, असंही समजू नका. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तेव्हा त्यांना हक्काची पहिली २९ फेब्रुवारी मिळाली ती थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. अशा माणसांसाठी गुगलच्या कॅलेंडरने काय तोड काढली आहे? वाढदिवस म्हणजे ‘फेब्रुवारीचा शेवटचा दिवस’, मग तो अठ्ठावीस असो की एकोणतीस. जमत नाही ना, मग महिन्याच्या टोकाला चिकटवून टाका! फरक इतकाच की गुरुजींना त्याचे पैसे मिळत नव्हते.

आता ही फौज पुन्हा उभी राहणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या पोरांना शाळा, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मदाखलाच दाखवावा लागणार, तसा कायदाच झाला आहे. कान पकडण्याचा प्रश्न मिटला. तारीख दवाखान्यातूनच पक्की होऊन येणार, वेळेसकट.

ती वेळ कशी ठरते, एवढंच विचारू नका. २०१२ मध्ये १२-१२-१२ ला सिझेरियन करून घ्यायला काय उड्या पडल्या होत्या, आठवत असेल. आता तशा तारखेची वाट बघायचीही गरज उरलेली नाही. होणाऱ्या आजी ज्योतिषांकडून व्हॉट्सॲपवर मुहूर्त मागवतात, बाळाचे बाबा त्याचा स्क्रीनशॉट डॉक्टरीणबाईंना पाठवतात. डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून आपल्या मोबाइलमधलं कॅलेंडर उघडतात, बोटाने आठवडा पुढे-मागे करतात आणि म्हणतात, ‘गुरुवारी साडेनऊला माझी दुसरी केस आहे हो. गुरुजींना विचारा ना, सव्वाआठचं काही निघतंय का?’