बाभळीखालची दोनशेसात

“तू चौतीस वर्षं बँकेत बसून लोकांच्या गाड्यांच्या किमती केल्यास. आता घरच्या गाडीची कर,” एवढं बोलून तात्यांनी फोन ठेवला. तात्या माझे धाकटे चुलते. घरची गाडी म्हणजे नारायणगावच्या पुढे आमच्या मळ्यात, बाभळीखाली सहा वर्षं उभी असलेली टाटा २०७ पिकअप. ‘उभी’ हे आपलं सवयीनं म्हणायचं. चारांतल्या तीन चाकांत हवा नाही, तेव्हा ती बसलेलीच आहे.

खरं तर बँकेत मी गाडीची किंमत कधी केलीच नाही. कोटेशन यायचं, त्यातून मार्जिन वजा करायचं, विम्याचा कागद फायलीला टाचायचा, झाली किंमत. प्रत्यक्ष गाडी बघायची वेळ हप्ते थकल्यावर यायची, आणि तेव्हा नेमकी ती सापडायची नाही. पण हे तात्यांना सांगणार कोण? एस.टी.त बसल्या बसल्या पिशवीतली एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडी २००२ सालची. सगळं धरून पावणेचार लाखांच्या आसपास पडली होती. आयकराच्या रीतीनं स्वतःच्या वापरातल्या गाडीला दरसाल १५ टक्के घसारा. या घसाऱ्याची गंमत अशी, की तो दरवर्षी उरलेल्या रकमेवर लागतो, त्यामुळे किंमत झिजत झिजत जाते पण शून्य कधी होत नाही. बावीस वर्षांचा घसारा लावून मंचर येईपर्यंत माझं उत्तर निघालं: १०,५०१ रुपये. दोनदा ताळा केला. तोच आकडा. पत्रिकेच्या पाठीवर तो अगदी आहेरासारखा शोभत होता.

विम्याचं कोष्टकही मला पाठ होतं. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षाला १५, आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पुढे कोष्टक हात जोडतं. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनीनं आणि मालकानं आपसांत ठरवावी, असं त्यात आहे. म्हणजे गाडी तरुण असते तोवर शास्त्र, मग बोलाचाली.

मळ्यात पोचलो तर पहिल्यांदा गाडी दिसलीच नाही. हौद्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, त्यांवर फाटका ताडपत्रीचा तुकडा, फाळक्याला बांधलेलं वासरू, बॉनेटवर वाळत घातलेल्या मिरच्या. कांद्याच्या पाण्यानं आणि खताच्या गोण्यांनी हौद्याचा पत्रा खालून इतका खाल्ला होता, की उभं राहिल्यावर जमिनीवरचं गवत दिसत होतं. दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर काकींची तांबडी कोंबडी बसली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कागदपत्रं घरी विसरलोय. मी दार लावून घेतलं.

“किती येतील?” तात्यांनी विचारलं.

“तुम्हाला किती हवेत?”

“मला काय करायचंय? येतील ते घ्यायचे. जागा मोकळी झाली तरी पुष्कळ.”

हे वाक्य मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. वेळ सकाळी साडेदहाची.

अकराला भंगारवाला आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, किल्ली मागितली नाही की बॉनेट उघडायला सांगितलं नाही. चासी, इंजिन, पत्रा मिळून दीड टन धरला, बॅटरीचं शिसं वेगळं धरलं आणि ३४ हजार म्हणाला. “गंज वजा केलाय,” असंही सांगितलं. गंजाला वजन असतं आणि तो वजाही करता येतो, हे माझ्या चौतीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मनात पत्रिकेवरचा आकडा काढला. गाडी जिवंत धरली तर साडेदहा हजार, मेलेली धरली तर चौतीस. तात्या मात्र भंगारवाल्याच्या त्या एका फेरीनं दुखावले होते. “बघ की, हातसुद्धा लावला न्हाई,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

त्यांचं दुखणं मला कळत होतं. ऐन उमेदीत तात्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात नावाजलेले पारखी होते. बैलाचा ओठ वर करायचा, दात बघायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, असं वय तोंडातच लिहिलेलं. मग खूर, मग खांद्यावरचा घट्टा, मग दहा पावलं चालवून मागून चाल. सौदा तोंडानं करायचा नाही. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला आकडा कळत नाही. जनावराच्या अंगावरून हात न फिरवता भाव सांगणारा माणूस त्या बाजारात टिकला नसता.

दुपारी ओतूरकडचा एक गॅरेजवाला पोरगा आला. वय पंचविशीच्या आत. आणि तो, काय सांगू, थेट दात बघायला बसला. टायरच्या कडेवरची धूळ थुंकी लावून पुसली आणि चार आकडे वाचले: २३११. म्हणजे २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खिशातून लोहचुंबक काढून दारावर फिरवलं. एका जागी ते चिकटेना, तेव्हा “हितं लांबी भरलीय,” म्हणाला. तात्या गालात हसले. ती लांबी त्यांनीच भरून घेतली होती. मग पोरगा पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि पान्यानं चासीवर टकटक करत गेला. नीट लोखंड वाजतं, कुजलेलं बोलत नाही.

तात्या त्याच्याबरोबर गाडीभोवती उकिडवे फिरू लागले. “पाटे बघ. एक पान तुटलेलं न्हाई. चाळीस चाळीस क्रेट टोमॅटो वाहिलाय, पण ओव्हरलोड कधी न्हाई.” हे धादांत खोटं होतं. आमच्या धाकट्या आत्याच्या लग्नाचं अर्धं वऱ्हाड, खुर्च्या आणि आचाऱ्याची कढई या गाडीनं एका खेपेत नेली होती, आणि मी स्वतः त्या कढईत बसलो होतो.

पोरानं सोबत बॅटरी आणि कॅनमध्ये डिझेल आणलं होतं. टाकीतलं जुनं डिझेल काकवीसारखं झालेलं. नळी थेट कॅनमध्ये सोडली, पंपाची एअर काढली, पुलीला पाना लावून इंजिन आधी हातानं फिरवून पाहिलं. आता किल्ली मारायची, तर कोंबडी उठेना. हुसकावलं तर टोचायला धावली. शेवटी गाडी न्यूट्रलला असल्याची खात्री करून त्यानं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. दोनदा नुसतं कण्हणं. तिसऱ्यांदा २०७ खोकली, हादरली आणि चालू झाली. वासरू दाव्याला हिसडे देऊ लागलं, मिरच्या बॉनेटवरून उडाल्या. गाडीच्या कागदावर अजून टेल्कोचं जुनं नाव आहे, टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह. त्यातल्या लोकोमोटिव्हचा अर्थ मला त्या क्षणी पटला.

धूर पहिल्यांदा पांढरा, मग काळा, मग निवळला. निळा नव्हता. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितं. पोरानं ऑइलचं झाकण काढून तिथे तळहात धरला, वाफेचा भपकारा येतो का पाहिलं, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तात्यांनी मात्र ते न दिसलेलं बरोबर पाहिलं.

“मी तर इकायचं म्हणतच नव्हतो,” तात्या म्हणाले. वेळ दुपारी सव्वातीनची.

मीही काही कमी नाही. गाडी चालू झाली तशी माझीही जीभ सैल झाली. सहा वर्षांत मी या गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण पोराला मी सांगू लागलो, की असं इंजिन आता मिळायचं नाही. परक्यानं हात लावला रे लावला, की आपल्याला माया सुटते. कागदपत्रांचा विषय निघाला तेव्हा माझा आवाज थोडा खाली आला. पासिंग कधीच संपलेलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगची फी २०२२च्या एप्रिलपासून भलतीच वाढलेली. पर्यावरण कर थकलेला. कर्ज फिटून सतरा वर्षं झाली तरी आर.सी. बुकावरचा बोजा उतरवलेला नाही, आणि ज्या पतसंस्थेचा बोजा ती पतसंस्थाच आता अवसायनात. बँकवाल्याच्या घरात हे असं, म्हणून मी मिरच्या गोळा करायला वाकलो.

“मला रस्त्यावर घालायची न्हाई,” पोरगा म्हणाला. “इंजिन आन् गिअरबॉक्स काढायचंय. आर.सी. रद्द करायचं तुमचं तुम्ही बघा.”

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात पुढे केला. पोरगा गोंधळला. त्याला बोटांची भाषा येत नव्हती. पण समज होती. त्यानं मोबाइलवर आकडा लिहिला आणि मोबाइल उपरण्याखाली सरकवला. तात्यांनी मान खाली घालून बघितलं, पुसून दुसरा लिहिला. दोन-चार वेळा मोबाइल खालून इकडेतिकडे गेला. सौदा ५१ हजारांवर ठरला. मीच तेवढा बाहेर.

इतक्यात काकी चहा घेऊन आल्या. गाडी न्यायची म्हटल्यावर त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तेरा अंडी.

“खुडूक हाय. चार दिस झालं बसलीय. आजून सतरा दिस गाडी हलायची न्हाई.”

“मावशी, पाटीत भुसा घालून ठेवा की तिला.”

“हलवली की अंडी सोडती. तुझी गाडी आज ने न्हाईतर दिवाळीला ने, माझी पिल्लं निघू दे.”

तात्यांचे डोळे चमकले. “बघ,” ते पोराला म्हणाले, “गाडी वापरात हाय. दोन हजार वाढव.”

एक हजार वाढले. इसार म्हणून पाचशे रुपये आले. पोरानं पुढच्या काचेवरच्या धुळीत बोटानं सतरा दिवसांनंतरची तारीख लिहिली. पावती करायला कागद नव्हता, म्हणून तात्यांनी माझ्या हातातली लग्नपत्रिका घेतली आणि घसाऱ्याच्या हिशेबाखाली उरलेल्या जागेत ‘इसार मिळाला’ असं लिहून सही ठोकली.

“हा वरचा आकडा कसला?” पोरानं विचारलं.

तात्यांनी चष्मा वर करून वाचलं. “आहेराचा,” म्हणाले.