ऐच्छिक

शेजारच्या वहिनींच्या मुलाचा अर्ज एमआयटीला चाललाय. कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या. तिथे शिक्षकांची पत्रं दोनच मागतात. एक गणित-विज्ञानाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांकडचं. संगीत, चित्रं, संशोधन, स्वतः बनवलेली वस्तू दाखवायची तर वेगळी सोय आहे. ऐच्छिक. वहिनींनी ते 'सक्तीचं' असं वाचलं. मग तबल्याची प्रवेशिका, एलिमेंटरी ड्रॉइंगची 'ब' श्रेणी, गणेशोत्सवातलं लिंबू-चमच्याचं दुसरं बक्षीस, सगळं स्कॅन झालं. तिकडची कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर अर्जासोबत शिफारसपत्र घेतच नाहीत, असं मी म्हटल्यावर त्या हळहळल्या, "अगंबाई, मग आमच्या नगरसेवकांच्या पत्राचं काय करायचं?"

पोरानं जुन्या मिक्सरच्या मोटारीचा पंखा केला होता. तो तेवढा पाठवायचा राहिला. "भंगार कशाला दाखवायचं परक्यांना?"