ओल्या कपड्यांची कैफियत

घराची अंतर्गत सजावट करून देणाऱ्या तज्ज्ञाकडे ग्राहकाने आपल्या गरजांची यादी लेखी सादर करावी, आणि तज्ज्ञाने त्या यादीस अनुसरून एक 'कॉन्सेप्ट' सिद्ध करावा, असा या व्यवसायाचा सर्वमान्य दंडक आहे. घोडबंदर रस्त्यावर ६४० चौरस फूट चटईक्षेत्राचे धनी झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी तो निष्ठेने पाळला. यादी त्यांच्या सौभाग्यवतींनी वहीच्या पानावर स्वहस्ते लिहिली होती, आणि तिची पहिली बाब होती, 'पावसाळ्यात कपडे वाळत घालायला जागा'. दुसऱ्या बाबीपर्यंत हा लेख पोहोचेल अशी आशा वाचकांनी बाळगू नये. तज्ज्ञही पोहोचले नाहीत.

उत्तरादाखल ४२ पानांची चोपडी आली. मुखपृष्ठावर संकल्पनेचे नाव होते 'मौन'. आत राखाडी तागाचे पडदे होते, एकच वाळकी काडी मिरवणारे जपानी मडके होते, आणि बसणाऱ्याच्या पाठीशी काही जुने वैर असावे अशा घाटाची खुर्ची होती. कपड्यांची बाब दुर्लक्षिली गेली असे मात्र कोणी म्हणू नये. तिला 'वस्त्र आणि वारा यांचा हळुवार संवाद' असे शीर्षक देऊन, विस्तीर्ण हिरव्या कुरणात फडकणाऱ्या एका शुभ्र चादरीचे छायाचित्र जोडले होते. अशा कुरणाचा सात-बारा आमच्या स्नेह्यांच्या नावे नाही, एवढीच काय ती अडचण.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबई-ठाण्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, साडेपाच मीटरची सुती साडी त्या हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसरच लागते, आणि म्हणूनच घरोघरी छताला कप्पीच्या दांड्या टांगलेल्या असतात. या दांड्यांचा भार छताच्या स्लॅबनेच घ्यावा लागतो. 'मौन'मध्ये स्लॅबखाली सहा इंचांवर साडेबारा मिलिमीटर जाडीच्या जिप्समचे फॉल्स सीलिंग योजिले होते, ज्याच्या पत्र्याच्या पट्ट्यांना स्वतःचा भार आणि चार दिवे यांपलीकडे काही पेलवत नाही. मग भोके पाडून दांडी वर स्लॅबलाच ठोकावी, तर मौनाचा भंग होतो. स्वयंपाकघरामागील ड्राय बाल्कनी शिल्लक होती म्हणावे, तर तिथे 'कॉफी कॉर्नर' झालेला. त्या घरात कॉफी कोणी पीत नाही.

दुसऱ्या फेरीत 'वाडा' आला. झोपाळा आला, सीएनसी यंत्रावर कापलेल्या प्लायवूडची जाळी आली, पाकळ्या तरंगणारी पितळी उरळीही आली, जी मुळात केरळची, पण परंपरा म्हटली की हल्ली प्रांताची चौकशी करीत नाहीत. आता, ज्याने खराखुरा वाडा डोळ्यांनी पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की, तिथे झोपाळा एखादा असे वा नसे, परंतु वलणी असेच असे; सोवळ्याचे वस्त्र काठीने उचलून उंच दांडीवर टाकायचे आणि काठीनेच उतरवायचे, ही तिथली नित्याची व्यवस्था होती. म्हणजे ग्राहकाने जी एकच वस्तू मागितली होती ती साक्षात वाड्यातच होती, आणि तज्ज्ञांनी अख्खा वाडा उचलून आणताना नेमकी तीच मागे ठेवली! याला आम्ही नजरचूक म्हणणार नाही. या चोपड्यांतील एकाही चित्रात माणूस नसतो, बादली नसते, केरसुणी नसते, मोरीत भिजत पडलेले पायपुसणे नसते. ज्या घरात कोणी राहत नाही ते घर सुंदर, हा त्यांचा मूळ सिद्धान्त आहे, आणि रोज सकाळी पिळलेल्या कपड्यांचा पिळा उचलून टाचा उंचावणारी बाई त्या सिद्धान्तात बसत नाही, म्हणून आधी तिची दांडी जाते, मग तिचा माळा जातो, मग लोणच्याच्या बरण्या 'दृश्य गोंगाट' ठरतात, आणि अखेरीस प्रति चौरस फूट दराने तिचेच पैसे मोजून तिला तिच्याच घरातून हद्दपार केले जाते. बाहेर कठड्यावर काही टाकू म्हणावे, तर गृहसंस्थेचे फर्मान तयार: 'इमारतीचे सौंदर्य बिघडते'. सौंदर्य! इमारतीच्या तोंडावर वातानुकूलन यंत्रांचे गळके खोके चालतात, पोराचा धुतलेला गणवेश चालत नाही! कपडे अंगावर घालायला लागतात, ते मळतात आणि धुवावे लागतात, ही बातमी या मंडळींना कोणी तरी एकदा रजिस्टर टपालाने कळवली पाहिजे.

असो. सौभाग्यवतींनी यादीतील पहिली बाब तांबड्या शाईने अधोरेखित करून पुन्हा पाठविली. तिसऱ्या फेरीच्या चित्रांत बाल्कनीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खरोखरीची दोरी दिसली. सुती, पिळाची, दोन टोकांना पितळी कड्या असलेली. घरात आनंदीआनंद झाला. स्नेह्यांनी अर्धी रक्कम आगाऊ भरून पावतीही घेतली. काम पुरे होऊन दोरी लागली तेव्हा तिच्यावर मॅक्रमेचे तीन तुकडे आणि वाळवलेल्या गवताची एक जुडी टांगलेली होती, आणि सोबतच्या निगा-पत्रकात लिहिले होते की दोरीवर ओले काहीही टाकू नये, डाग पडतात.